लाईट आली, कॅमेरा नाही आला: पोर्ट फॉरवर्डिंग पुन्हा पुन्हा का बंद पडतं

माझ्या मामांचं घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे. खाली टॉवेलचे माग, वर राहणं. मागांच्या शेडमध्ये चार कॅमेरे आणि एक जुना डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र), वरच्या मजल्यावर फायबरचा राउटर. रात्रपाळीला शेडमध्ये काय चाललंय ते मामांना बाहेरगावी असतानाही मोबाईलवर बघायचं असतं. डीव्हीआर इतका जुना की त्याला क्यूआर कोड स्कॅन करून जोडायची सोय नाही, म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलेलं, म्हणजे बाहेरून ठराविक नंबरच्या दारावर (पोर्टवर) आलेला निरोप घरातल्या ठराविक यंत्राकडे पाठवायचा नियम. ते चालायचं. मग लाईट जायची, अर्ध्या तासाने यायची, माग सुरू व्हायचे आणि मामांचा फोन यायचा, "लाईट आली की रे, कॅमेरा नाही आला."

दर वेळी कॅमेरेवाला यायचा, राउटर रीसेट करायचा, नियम नव्याने भरायचा, पैसे घ्यायचा. पुढची लाईट जाईपर्यंत सगळं ठीक. असं पाच-सहा वेळा झाल्यावर एका रविवारी मी तिथे ठाण मांडून हा प्रकार मुळापासून बघितला. पुढच्या दोन वर्षांत त्याच घरात हीच तक्रार आणखी दोनदा आली आणि दोन्ही वेळा कारण वेगळं निघालं. तक्रार एकच आणि कारणं तीन, म्हणून हे सविस्तर लिहितोय. नियम पुसून परत भरणं हा एकच उपाय लोकांना सांगितला जातो आणि त्यात त्यांचे पैसे जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नियम सहसा बिघडत नाही. तो राउटरच्या कायमच्या मेमरीत असतो, लाईट गेल्याने पुसला जात नाही. सरकतात ते नियमाच्या दोन टोकांचे पत्ते. समजा, कारखान्याच्या फाटकावर वॉचमनला सांगून ठेवलंय की ३७७७७ नंबरची चिठ्ठी घेऊन कुणी आलं तर त्याला पाच नंबरच्या शेडमध्ये पाठव. वॉचमन ते चोख करतो. पण शेडचे नंबर बदलले, किंवा फाटकाचाच पत्ता बदलला, किंवा आपल्या फाटकाच्या बाहेर आणखी एक मोठं फाटक उभं राहिलं आणि तिथल्या वॉचमनला कुणी काही सांगितलेलंच नाही, तर आपल्या वॉचमनला तेच ते बजावून काय उपयोग?

राउटर उघडण्याआधी दोन गोष्टी

पहिली गोष्ट घरातल्या घरात. डीव्हीआरच्या मेनूत नेटवर्कमध्ये जाऊन त्याचा आत्ताचा आयपी पत्ता (जाळ्यातला त्याचा आकडी पत्ता) वाचा. मागच्या वेळी लिहून ठेवलेला नको, आत्ताचा. घरच्या वायफायवर असलेल्या मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये तो पत्ता आणि डीव्हीआरचा पोर्ट घाला. दाहुआ धर्तीच्या डीव्हीआरमध्ये पोर्ट बहुधा ३७७७७ असतो, हायकव्हिजनमध्ये ८०००. चित्र आलं नाही तर पोर्ट फॉरवर्डिंगचा अजून प्रश्नच आलेला नाही. डीव्हीआर, केबल, स्विच यांतच काहीतरी आहे. आमच्याकडे एकदा शेडमधल्या स्विचचा अडॅप्टर जळालेला निघाला आणि तोवर राउटर दोनदा रीसेट होऊन गेला होता.

दुसरी गोष्ट बाहेरून. मोबाईलचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर या आणि मगच बाहेरच्या पत्त्यावरून जोडून बघा. बरेच लोक इथेच फसतात. घरच्या वायफायवर बसून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर जायचा प्रयत्न केला, तर निरोप राउटरपर्यंत जाऊन तिथूनच वळून आत यावा लागतो. काही राउटरना हे जमतं, अनेक स्वस्त राउटरना जमत नाही. मग बाहेरून सगळं नीट चालत असतानाही घरात बसलेल्याला ते बंद दिसतं. उलटही होतं. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत मामांनी होम मैदानावरून फोन केला, कॅमेरा दिसत नाही म्हणून. त्या गर्दीत मोबाईलचं नेटच चालत नव्हतं. बाहेरून तपासताना त्या मोबाईलवर एखादी साधी वेबसाइट उघडते का, हे आधी बघायचं असतं.

बाहेरून जोडताना आलेली चूक नीट वाचा. "कनेक्शन रिफ्यूज्ड" लगेच आलं, तर निरोप कुठल्या तरी चालू यंत्रापर्यंत पोहोचला आणि त्याने "या पोर्टवर इथे कुणी नाही" असं उलट कळवलं. म्हणजे पोर्टचा आकडा चुकलाय, नियम भलत्याच यंत्राकडे बोट दाखवतोय, किंवा तुम्ही जुन्या पत्त्यावर गेलात आणि तो पत्ता आता दुसऱ्याच कुणाच्या राउटरला मिळालाय. "टाइम्ड आउट" असं बऱ्याच वेळाने आलं, तर निरोप वाटेत गिळला गेला. फायरवॉल (नको ते निरोप अडवणारी चाळणी), रिकामा पत्ता, बाहेरचं मोठं फाटक, नाहीतर परतीची वाटच नाही. मोबाईलचं अ‍ॅप हा फरक दाखवत नाही, नुसतं "जोडणी अयशस्वी" म्हणतं. म्हणून पोर्ट तपासणारी एखादी वेबसाइट किंवा दुसऱ्याच्या घरचा लॅपटॉप वापरा. विंडोजच्या पॉवरशेलमधली टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा पोर्ट लागतो की नाही एवढंच सांगते, हा फरक तीही दाखवत नाही.

पहिल्या वेळचं कारण: शेडचा नंबर बदलला

त्या रविवारी मी मामांना सांगून मेन स्विच पाडला आणि पाच मिनिटांनी चढवला. राउटर एका मिनिटात उठला. घरातले तीन मोबाईल, टीव्ही आणि मामेभावाचा लॅपटॉप लगेच जोडले गेले. डीव्हीआरला मात्र हार्ड डिस्क तपासून उठायला अडीच मिनिटं लागली. तोवर १९२.१६८.१.५ हा त्याचा पत्ता टीव्हीला गेला होता. डीव्हीआरला मिळाला १९२.१६८.१.८. नियम अजूनही ५ कडेच पाठवत होता. म्हणजे मामा रोज रात्री आपल्या टीव्हीला कॅमेऱ्याचं चित्र मागत होते.

घरात पत्ते वाटायचं काम राउटरमधलं डीएचसीपी करतं. कुणाला कोणता पत्ता दिला याची वही अनेक स्वस्त राउटर तात्पुरत्या मेमरीत ठेवतात. लाईट गेली की वही कोरी. म्हणून हा बिघाड लाईटशी बांधलेला दिसतो आणि म्हणूनच लोकांना वाटतं की लाईटच्या झटक्याने नियम उडाला.

इलाज सोपा आहे. राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन नावाचा पर्याय असतो, तिथे डीव्हीआरचा मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) आणि त्याला द्यायचा आयपी पत्ता यांची गाठ मारून टाका. डीव्हीआरमध्येच हाताने पत्ता भरण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, कारण सगळ्या नोंदी एकाच जागी राहतात. हातानेच भरायचा असेल, तर डीएचसीपी वाटतो त्या पट्ट्याबाहेरचा भरा. राउटर २ ते १०० वाटत असेल, तर २०० द्या. नाहीतर एक दिवस तोच पत्ता दुसऱ्या कुणाला जाईल आणि दोघंही अधूनमधून बंद पडतील, जे शोधणं याहून अवघड. जुना मोबाईल कॅमेरा म्हणून वापरत असाल तर त्याच्या वायफाय सेटिंगमधला बदलता मॅक पत्ता बंद करा. अँड्रॉइड १० पासून तो आपोआप चालू असतो.

"नियम पुसला जात नाही" याला एक अपवाद आहे. फायबरच्या कंपनीने दिलेला डबा बहुधा कंपनीच्या ताब्यातही असतो. कंपनी लांबून त्याची सेटिंग बदलू शकते आणि कधी कधी डबा सुरू होताना कंपनीकडची सेटिंग वर चढते. तेव्हा आपले नियम खरंच नाहीसे होतात. शिवाय अशा डब्यात बाहेरच्या जोडण्या एकाहून जास्त असतात, इंटरनेटसाठी एक, फोनसाठी एक, कंपनीच्या देखभालीसाठी एक. नियम भरताना तो इंटरनेटच्या जोडणीलाच बांधावा लागतो. कंपनीने काही बदल केला आणि त्या जोडणीचं नाव बदललं, तर नियम यादीत दिसतो, शेजारी बरोबरची खूणही दिसते, पण तो कशालाच बांधलेला नसतो. असं वाटलं तर नियम पुसून योग्य जोडणी निवडून भरा. एवढ्याच प्रसंगी परत भरण्याला अर्थ आहे.

दुसऱ्या वेळचं कारण: परतीची वाट

सात-आठ महिने सुरळीत गेले. मग वीज पडून राउटर जळाला आणि कंपनीने नवा डबा बसवला. मी फोनवरून मामेभावाकडून नियम भरून घेतला. घरात दिसतंय, बाहेरून टाइम्ड आउट. पत्ता बरोबर, पोर्ट बरोबर, नियम बरोबर. दोन संध्याकाळी यात गेल्या.

मधल्या काळात कॅमेरेवाल्याने डीव्हीआरमध्ये पत्ता हाताने भरून टाकला होता, आणि त्याच्याबरोबर गेटवे (घराबाहेर जायचं दार) म्हणून जुन्या राउटरचा १९२.१६८.१.१. नवा डबा होता १९२.१६८.१.२५४. घरातल्या घरात बोलायला गेटवे लागतच नाही, त्यामुळे घरच्या मोबाईलवर चित्र येत होतं. बाहेरून आलेला निरोप नियमाप्रमाणे डीव्हीआरपर्यंत पोहोचत होता, डीव्हीआर उत्तरही देत होता, पण ते उत्तर घराबाहेर न्यायला तो ज्या १ ला शोधत होता, तो केव्हाच भंगारात गेला होता.

हे पकडायची एक युक्ती मला त्या दुसऱ्या संध्याकाळी सुचली. आता मी ती पहिल्याच दहा मिनिटांत वापरतो. नियमातला आतला पत्ता थोड्या वेळासाठी डीव्हीआरऐवजी लॅपटॉपचा करा आणि आतला पोर्ट ८१८१. लॅपटॉपवर एक रिकामा फोल्डर करून त्यात पायथनचा एका ओळीचा वेब सर्व्हर चालू करा, पोर्ट ८१८१ घ्या, विंडोज परवानगी विचारेल ती द्या. बाहेरून मोबाईल डेटावर तो दिसला, तर बाहेरचा पत्ता, राउटर, नियम, कंपनी हे सगळं एका झटक्यात निर्दोष सुटतं आणि दोष डीव्हीआरकडे जातो. नाही दिसला तर डीव्हीआरला हात लावायची गरज नाही. फोल्डर रिकामाच हवा, कारण त्यातलं सगळं तेवढा वेळ जगाला दिसणार असतं. काम झालं की सर्व्हर बंद.

तिसऱ्या वेळचं कारण, आणि हेच आता सगळ्यात जास्त भेटतं

तिसऱ्या वेळी लॅपटॉपसुद्धा दिसला नाही. तेव्हा मी राउटरच्या स्टेटस पानावर जाऊन वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, वाचला. तो १०० ने सुरू होत होता, त्यापुढचा आकडा सत्तरच्या घरातला. ब्राउझरमध्ये "माझा आयपी काय" असं शोधल्यावर दिसणारा पत्ता भलताच. तिथेच उत्तर मिळालं.

आयपी आवृत्ती ४ चे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले. आपल्या भागाला पत्ते देणाऱ्या एपीनिक या संस्थेचा साठा त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला. नवी कनेक्शनं मात्र वाढतच आहेत. म्हणून कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात आणि मधे स्वतःचं एक मोठं फाटक उभं करतात. याला सीजीनॅट म्हणतात. या मधल्या जाळ्यासाठी १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास राखून ठेवला गेला. तुमच्या राउटरचा वॅन पत्ता या पट्ट्यात असेल, किंवा १० ने, १९२.१६८ ने, किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल, तर तुमच्या वर आणखी एक फाटक आहे. काही कंपन्या दिसायला साधे वाटणारे पत्तेही आत वापरतात, म्हणून खात्रीची कसोटी एकच: वॅन पत्ता आणि बाहेर दिसणारा पत्ता तंतोतंत एक आहेत का? नसतील, तर घरच्या राउटरमध्ये दिवसभर बसलात तरी पोर्ट उघडणार नाही.

ट्रेसर्ट (निरोपाच्या वाटेवरच्या पायऱ्या दाखवणारी आज्ञा) चालवून दुसऱ्या पायरीला १० ने सुरू होणारा पत्ता दिसला म्हणून सीजीनॅट आहे असं ठरवू नका. कंपन्या आपल्या अंतर्गत यंत्रांना असे पत्ते देतातच, पब्लिक आयपी असलेल्या ग्राहकाच्या वाटेवरही ते दिसतात. वॅन पत्त्यावरच विश्वास ठेवा.

वॅन पत्ता १९२.१६८ चा असेल, तर वरचं फाटक बहुधा तुमच्याच घरात आहे. फायबरच्या डब्याला तुम्ही दुकानातून आणलेला दुसरा राउटर जोडलाय आणि दोघंही राउटरचंच काम करतायत. जुळे सोलापूरला एका मित्राकडे असंच होतं, वायफाय मागच्या खोलीपर्यंत पोहोचावं म्हणून दुसरा राउटर. तो अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकला, म्हणजे तो नुसतं वायफाय देईल, आणि नियम फक्त डब्यात ठेवला, काम झालं. दुसरा रस्ता म्हणजे कंपनीच्या डब्याला ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम न करता नुसता निरोप पुढे द्यायला) टाकायला सांगणं. तेव्हा पीपीपीओईचं (कंपनीच्या जाळ्यात शिरायच्या लॉगिनचं) नाव आणि पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरावा लागतो आणि काही ठिकाणी व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातल्या वेगळ्या वाटेचा) आकडाही, ते आधी लिहून घ्या. दोन्ही राउटरमध्ये नियम भरूनही चालतं, पण दोन जागा सांभाळाव्या लागतात आणि दीड वर्षाने दुसरी जागा कुणाला आठवत नाही.

सीजीनॅट असेल तर कस्टमर केअरला "पोर्ट उघडून द्या" असं म्हणू नका. ते म्हणतात, "आमच्याकडून सगळे पोर्ट उघडेच आहेत," आणि त्यांच्या बाजूने ते खरंही असतं. विचारायचं ते असं: "माझा वॅन पत्ता सीजीनॅटमधला आहे, मला पब्लिक आयपी मिळेल का आणि त्याचे किती पडतील?" पब्लिक आणि स्टॅटिक हे दोन शब्द लोक एकच समजतात. पब्लिक म्हणजे जगाला दिसणारा, स्टॅटिक म्हणजे न बदलणारा. आपल्याला खरी गरज पहिल्याची असते. तो बदलता असला तरी राउटरमध्ये डीडीएनएस लावलं की प्रत्येक वेळी नवा पत्ता ठरलेल्या नावाखाली आपोआप नोंदवला जातो. लाईट जाऊन आली की पीपीपीओईची जोडणी नव्याने होते आणि पत्ता बदलतो, म्हणजे हेही दुखणं लाईटशीच बांधलेलं दिसतं. डीडीएनएस असूनही जुनाच पत्ता दिसत राहिला, तर राउटरचं घड्याळ बघा. बहुतेक राउटरच्या घड्याळाला बॅटरी नसते. लाईट आल्यावर वेळ नीट मिळाली नाही तर तारीख वर्षानुवर्षं मागे जाते आणि डीडीएनएसची सुरक्षित जोडणी प्रमाणपत्राची तारीख जुळत नाही म्हणून नाकारली जाते.

फायरवॉल

घरचा संगणक बाहेरून गाठायचा असेल, तर विंडोजची फायरवॉल हे वेगळं प्रकरण आहे. राउटर बदलला की विंडोजला ते जाळं नवं वाटतं आणि ते त्याला पब्लिक म्हणजे परक्या ठिकाणचं समजतं. तुम्ही पूर्वी दिलेली परवानगी प्रायव्हेट जाळ्यापुरती होती. नियम तिथेच असतो, पण लागू होत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते जाळं प्रायव्हेट करा. एवढं करूनही घरातून चालतं आणि बाहेरून नाही, असं झालं तर त्या नियमाचा स्कोप उघडा. विंडोजने स्वतः बनवलेले अनेक नियम फक्त घरच्या जाळ्यातल्या पत्त्यांना आत घेतात. अँटिव्हायरसबरोबर आलेली दुसरी फायरवॉल असेल तर तीही बघा. दोन फायरवॉल असल्या की दोघींचीही परवानगी लागते.

तसंच, प्रोग्रॅम नेमका कुठे कान देऊन बसलाय ते नेटस्टॅट या आज्ञेने बघा. पत्ता १२७.०.०.१ दिसला तर तो फक्त स्वतःच्या संगणकाचं ऐकतोय, फायरवॉल पूर्ण बंद केलीत तरी बाहेरून काही येणार नाही. ०.०.०.० हवं.

राउटरच्या फायरवॉलची पातळी "हाय" असेल तर काही डब्यांत फॉरवर्ड केलेले पोर्टही अडतात, मधल्या पातळीवर आणून बघा. ८० किंवा ४४३ राउटरचं स्वतःचं पान वापरत असतं, आणि काही कंपन्या ८० आणि २५ वरूनच अडवतात. म्हणून बाहेरचा पोर्ट वेगळा घ्या, उदाहरणार्थ बाहेर ८१८१ आणि आत ८०. नियम टीसीपीचा की यूडीपीचा (निरोप पाठवायच्या या दोन पद्धती) हे नीट बघा. पोर्ट तपासणाऱ्या बहुतेक वेबसाइट फक्त टीसीपी बघतात.

आयपी आवृत्ती ६ मिळत असेल, तर तिथे फॉरवर्डिंग लागतच नाही, प्रत्येक यंत्राला स्वतःचा जगाला दिसणारा पत्ता असतो आणि फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये आत यायची परवानगी द्यायची असते. सीजीनॅटखालीही हे चालतं. अडचण एवढीच की कंपनीच्या बऱ्याच डब्यांत ती परवानगी द्यायची जागाच नसते आणि जुन्या डीव्हीआरना ही आवृत्ती कळत नाही.

डीएमझेड लावू नका

एका दुरुस्तीवाल्याने मामेभावाच्या संगणकावर डीएमझेड लावून ठेवलं होतं, "म्हणजे परत परत बोलवायला नको" म्हणून. डीएमझेड म्हणजे बाहेरून येणारं जे जे कुठल्याच नियमात बसत नाही, ते सगळं त्या एका यंत्राकडे. हिशेबाचा संगणक असा जगापुढे उघडा ठेवलेला बघून मला घाम फुटला. पोर्ट फॉरवर्डिंग चालतं की नाही हे बघायला पाच मिनिटं लावा, काढा.

एकच पोर्ट उघडलात तरी तो शोधणारे दिवसरात्र हिंडत असतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या टोळीने) जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर कारखान्यातून आलेल्या पासवर्डच्या जोरावर ताब्यात घेतले आणि त्या ऑक्टोबरमध्ये वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला करून मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. असे डीव्हीआर घराघरांतलेच होते. पासवर्ड बदला, नवा फर्मवेअर (यंत्राचं आतलं सॉफ्टवेअर) असेल तर चढवा. आणि डीव्हीआर इतका जुना असेल की त्याला नवा फर्मवेअर येतच नाही, तर त्याचा पोर्ट जगाला उघडू नका असं मी स्पष्ट सांगेन. पोर्टचा आकडा बदलून तो लपत नाही.

पब्लिक आयपी असेल तर डीव्हीआरचा पोर्ट बंद करून वायरगार्ड या व्हीपीएनचा (घरात शिरायच्या खासगी बोगद्याचा) एक यूडीपी पोर्ट उघडा, बहुधा ५१८२०, आणि त्यातून घरात शिरा. अनोळखी निरोपाला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे तपासणाऱ्या वेबसाइटला तिथे काही दिसत नाही. तसं दिसलं म्हणून बंद आहे असं समजू नका, जोडूनच बघा.

पब्लिक आयपी नसेल किंवा त्याचे वर्षाचे पैसे नको वाटत असतील, तर टेलस्केल किंवा झिरोटियर ही तसाच बोगदा जोडणारी सॉफ्टवेअर वापरा. यात घरातलं यंत्र स्वतः बाहेर जाऊन जोडणी धरतं, म्हणून फाटकं कितीही असली तरी अडत नाही. थेट वाट सापडली नाही तर मधल्या सर्व्हरमधून जातं, तेव्हा चित्र थोडं अडखळतं. मामांकडे शेवटी हेच केलं. मागांचा हिशेब ज्यावर होतो तो जुना संगणक दिवसरात्र चालू ठेवला, त्यावर टेलस्केल टाकलं आणि घरच्या १९२.१६८.१ च्या सगळ्या पत्त्यांची वाट त्याच्यातून दिली. मामांच्या मोबाईलवर तेच अ‍ॅप. कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमध्ये आता डीव्हीआरचा घरातलाच पत्ता आहे, घरात असा की पंढरपुरात. राउटरमधला पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम पुसून टाकला.

ते बसवल्यावर मामा म्हणाले, "आता लाईट गेल्यावर काय होतंय बघ की." त्यांचं बरोबर होतं, तेवढंच राहिलं होतं. संगणक लाईट आल्यावर आपोआप सुरू व्हायला हवा, नाहीतर पुन्हा तोच फोन. त्यासाठी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर चालू हो असा पर्याय असतो, तो लावला. टेलस्केल कुणी लॉगिन न करताही चालेल असं केलं, त्याच्या वेबपानावर जाऊन त्या संगणकाची किल्ली ठराविक दिवसांनी संपते ती मुदत बंद केली, आणि संगणक झोपी जाण्याचं सेटिंग काढलं. फायबरच्या डब्याला आणि स्विचला छोटे १२ व्होल्टचे यूपीएस लावले, अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा डबा लाकडी पेटीत तापून स्वतःच बंद पडत होता, तो पेटीतून बाहेर काढून भिंतीवर लावला.

मग माग थांबलेले असताना, जेवणाच्या सुट्टीत, मेन स्विच पाडला. यूपीएससुद्धा काढून ठेवले, म्हणजे लांबलेल्या भारनियमनासारखं होईल. पंधरा मिनिटं थांबून सगळं चढवलं आणि कशालाही हात न लावता शेडच्या बाहेर रस्त्यावर, मोबाईल डेटावर उभं राहून बघितलं. चार मिनिटांत चारही कॅमेरे आले. दुरुस्ती झाली असं कुणी सांगितलं तर पैसे देण्याआधी हीच चाचणी त्याच्यासमोर घ्या. स्विच आपण स्वतः पाडायचा, आणि नंतर राउटरला कुणाला हात लावू द्यायचा नाही.